ज्याला जे हवं ते त्याने घेऊन जावं

मंडळी, जाहिरात कशी करावी हे मला उपजतच कळतं! बायकोला हे पटत नाही. पण मोठ्या माणसांची कदर घरात कधी झालीये का?

तर झालं असं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली आहे. तिथे माझी बायको वाचनालय चालवते. पुस्तकं भरपूर, वाचणारे कमी. येणारे येतात ते पंख्याखाली बसायला. हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नजरेत आलं. त्यांना सगळे 'पैलवान' म्हणतात, का ते देवाला ठाऊक, कारण अंगाने ते अगदी छत्रीची काडी! त्यांनी फतवा काढला, "रविवारी अकराला मीटिंग. खोलीत वाचक दिसले तर ठीक, नाहीतर तिथे व्यायामशाळा!"

बायकोचं जेवणातलं लक्ष उडालं. ती नुसती कपाटं पुसत बसायची. एकच कपाट दिवसातून तीनदा. मला ते बघवेना.

"काळजी कशाला करतेस? मी आहे ना!" मी म्हणालो.

"म्हणून तर करते," ती म्हणाली.

तिची एक लाडकी कादंबरी आहे, एका रॉक बँडची. पाच मित्र, फुटका टेम्पो, गावोगावचे कार्यक्रम, भांडणं, सगळं आहे त्यात. तिने आवडत्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा मारल्यात. माझ्या डोक्यात वीज चमकली. ही वाक्यं मोठ्या अक्षरांत कागदावर छापायची आणि इमारतभर चिकटवायची! पुस्तकाचं नाव द्यायचं नाही, अवतरणचिन्हंही नाहीत. अवतरणचिन्हं दिसली की लोक वाचत नाहीत, असा माझा अनुभव आहे. लोकांना उत्सुकता वाटेल, ते विचारत विचारत वाचनालयात येतील. आहे की नाही शास्त्र?

शनिवारी संध्याकाळी सगळे कागद चिकटवले. रविवारी सकाळी बायको बाजारात गेली. मी वाचनालय उघडलं, पंखा लावला आणि यशाची वाट बघत बसलो.

पहिले आले ते डॉक्टर. कान-नाक-घशाचे. त्यांचा दवाखाना शेजारीच.

"माझ्या दारावर हे कुणी लावलं?" त्यांनी कागद माझ्यापुढे आपटला. त्यावर लिहिलं होतं: 'तुझा आवाज गेला तो गेला. आता गाण्याची आशा सोड.'

"छान वाक्य आहे ना?" मी म्हणालो.

"छान? घसा बसलेल्या एक बाई दारातूनच रडत परत गेल्या! मागचा माणूस म्हणाला, डॉक्टर, निदान आत घेऊन तरी सांगायचं होतं!"

"अहो, ते गायिकेबद्दल आहे..."

"त्या बाई गायिकाच आहेत!"

वाचनालय तसंच उघडं टाकून मी त्यांना घेऊन त्या बाईंच्या मागे धावलो. कोपऱ्यावर गाठलं. डॉक्टरांनी रस्त्यातच त्यांना 'आ' करायला लावलं, चहाच्या टपरीवरच्या टॉर्चने घसा बघितला आणि साधी सर्दी असल्याचं जाहीर केलं. टपरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटलं.

परत येतो तर नोटीस बोर्डापाशी पैलवान उभे! त्यांच्या मीटिंगच्या नोटिशीखाली, बरोबर त्यांच्या सहीला खेटून, मी चिकटवलं होतं: 'बेसूर माणसाच्या हाती माईक गेला, की चांगल्या बँडचंही वाटोळं होतं.'

"मागे माझ्या सत्कारात मी गायलो, हे त्याबद्दलच आहे ना?" पैलवान गरजले.

"छे छे! तुम्ही गाता हेच मला माहीत नाही!"

"म्हणजे तुम्ही झोपला होतात?"

हो म्हटलं तर मेलो, नाही म्हटलं तरी मेलो. मी म्हणालो, "हे एका कादंबरीतलं आहे. चला, दाखवतो." मागे डॉक्टर, बाई आणि पैलवान, पुढे मी, अशी आमची वरात वाचनालयात शिरली. आणि बघतो तर काय!

कपाटं रिकामी! साफ, स्वच्छ, लख्ख रिकामी!

मागे वळलो तर बायको दारात उभी होती, हातात भाजीची पिशवी. ती दारावरचा माझा कागद वाचत होती: 'आज आपला शेवटचा कार्यक्रम. ज्याला जे हवं ते त्याने घेऊन जावं.'

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही वाचनालयाच्या दारावर लावलंत?"

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, खरंच आलं. तिने एकेक करून जमवलेली पुस्तकं मी एका सकाळीत वाटून टाकली होती.

"चला, प्रश्नच मिटला," पैलवान म्हणाले. "पुस्तकंच नाहीत तर वाचक कुठले? पण आधी ते माईकवालं वाक्य दाखवा. नसेल तर बघतोच!"

कादंबरी बायकोच्या पिशवीत होती, कोथिंबिरीखाली. तिने पान काढलं आणि वाचायला लागली. माईक हाती घेणारा तो बेसूर माणूस बँडचा ड्रायव्हर होता. बँडचं वाटोळं केल्यावर त्यानेच रात्रभर टेम्पो हाकून सगळ्यांना घरी पोचवलं होतं. पैलवान खुर्चीत बसले. "पुढे?" म्हणाले.

मग डॉक्टरांनी त्यांचं वाक्य मागितलं. त्या गायिकेला आशा सोड म्हणणारी तिची स्वतःची आई होती, आणि पुढच्याच पानावर ती आईला न सांगता गायला उभी राहते. सर्दीवाल्या बाईंनी डोळे पुसले. मीटिंगला आलेली माणसं दारातच थांबली, मग खाली बसली.

शेवटी बायकोने दारावरचं वाक्य वाचलं. बँड मोडतो, पोरं आपली वाद्यं लोकांना देऊन टाकतात. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लीत घराघरातून काही ना काही वाजू लागतं.

वाचून संपलं तरी कुणी उठेना. पैलवानांनी घसा खाकरला. "व्यायाम काय, गच्चीवरही होतो," ते म्हणाले. "खोली राहू दे. पण दर रविवारी असं वाचायचं. आणि हे पुस्तक आधी मला!"

सगळे गेल्यावर बायकोने माझ्या हातात मोठी पिशवी दिली. "जा, पुस्तकं गोळा करून आणा."

मी दारोदार फिरलो. एक घर म्हणालं, "थांबा हो, आत्ता खुनी सापडतोय!" दुसऱ्या घरात सासू-सून एकाच पुस्तकावर डोकं घालून बसल्या होत्या, पान उलटण्यावरून भांडत. तिसऱ्याने दारच उघडलं नाही, आतूनच ओरडला, "उद्या या!" मी रिकामी पिशवी घेऊन परतलो.

"एकही मिळालं नाही?" बायकोने विचारलं.

"नाही. सगळे वाचतायत."

"सगळे?" ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली. अगदी मोकळी हसली.

मी छाती फुगवली. म्हटलं, बघ, आपलं शास्त्र! तेवढ्यात तिचं लक्ष दाराआडच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीकडे गेलं. अख्ख्या वाचनालयात एकच पुस्तक लोकांनी जागेवर ठेवलं होतं. माझा कवितासंग्रह. पाचही प्रती!

"आणा इकडे, मी नेते," ती मायेने म्हणाली. घरी जाऊन तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि आरामखुर्चीत बसून वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्या पानावर तिला गाढ झोप लागली. बिचारी आठवडाभर डोळ्याला डोळा न लागता तळमळत होती हो! मी हळूच तिचा चष्मा काढून ठेवला. शेवटी माझ्या कवितेचा कुणाला तरी उपयोग झाला.