पहिल्या पानाची हकीकत

श्रीअन्नपूर्णेचे पायी डोई ठेवून आणि जे उपाशी निजले तयांची क्षमा मागून लिहिले वर्तमान ऐसे जे. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, एके राज्यी पाऊस रुसला आणि माग बंद पडले आणि कोष्ट्यांचे पेठेत चुली थंड जाहल्या. मग थोरले महाराजांनी वेशीबाहेर अन्नछत्राची कोठी घातली आणि हुकूम केला की कोणी उपाशी राहो नये. हुकूम उत्तम, परंतु पेठेतले लोक बहुत मानी. पात्रे मांडली, भात निवला, आणि लोक भिंतीस पाठ लावून उभे ते उभेच, कारण पहिले पानावर बसेल तो भिकारी ठरेल हे भय सर्वांस. तेव्हा कोठीचे जुने आचारी गुंडोबा यांनी युक्ती काढिली की कोठीस उमेदवार ठेवावा तो पंगतीतलाच, जो काल इथे जेवला असा. त्याने कोठीची चाकरी शिकावी, शिधा घ्यावा, आणि रोज पहिले पानावर बसून घास घेऊन मोठ्याने म्हणावे, "गोड आहे, बसा." मग लोकांनी बसावे. उमेदवारी पुरी जाहली म्हणजे दसऱ्यास कोठीची वस्त्रे मिळोन तो कायम व्हावा. ऐसा रिवाज पडला आणि चालला.

या रिवाजाने कोठीत आली ती सगुणाबाई. नवरा विणकर, तापाने गेला, मागही गेला. ती प्रथम आली तेव्हा भिंतीशी पदर तोंडावर ओढून उभी होती आणि भाताचा वास नाकाशी येई, तरी ती बसेना. उमेदवार बसला, बोलला, तेव्हा ती बसली, आणि जेवताना तिला इतके रडू आले की भात खारट लागला म्हणे. पुढे तो उमेदवार कायम होऊन दुसरे कोठीस गेला आणि गुंडोबांनी तिला विचारले, "पोरी, वाढायला शिकतीस का?" ती म्हणाली, "शिकते तात्या. पण एकच मागणं हाय. एकदा वस्त्रं मिळाली की मला पुन्हा मागणाऱ्यांत बसायला लावू नका." गुंडोबा म्हणाले, "त्यासाठीच तर उमेदवारी."

मग ती शिकली. वाढताना नजर पानावर ठेवावी, माणसाचे तोंडाकडे पाहू नये, कारण खाणारास तेच जड जाते. दुसरी वाढ न मागता घालावी. पोराचे पानात आधी, म्हातारीचे पानात मऊ. पहिले पानावर ती बसे ती उमेदवार म्हणोन, मान ताठ, आणि तिचे बोलणे ऐकून पेठ बसे. मोठी सुखाची गोष्ट ती, आणि सुखाच्या गोष्टी दरबारास फार दिवस पाहवत नाहीत.

जाहले ऐसे की थोरले महाराज कैलासवासी होऊन धाकटे गादीवर बसले आणि तयांनी फर्माविले की ज्यास सुभा पाहिजे त्याने आधी दीनांची सेवा केलेली असावी. झाले! सरदारांचे घरोघरी एकाएकी दया उत्पन्न जाहली. जो तो आपले चिरंजीव कोठीस धाडू लागला. तयांत हैबतराव म्हणोन एक आले, अंगावर जरीचा शेला, मागे छत्री धरणारा, आणि म्हणाले की आम्हांस शिधा नको. धर्माधिकारी त्रिंबकपंत हे ऐकोन गहिवरले. तयांनी सगुणाबाईस बोलावून सांगितले, "बाई, हे पुण्यासाठी करतात, तुम्ही पोटासाठी करता. धर्मखात्यास शिधा घेणारा उमेदवार आता शोभत नाही. राहायचे तर शिध्यावाचून राहा." सगुणाबाई म्हणाली, "पंत, पोट हाय म्हणून तर पंगतीचं कळतं मला." पंतांस ते उद्धटपणाचे वाटले. हैबतरावांस वाढणे शिकवावे एवढे काम तिजकडून करून घेतले, तेही तिने जीव लावून शिकविले, आणि मग दसरा तोंडावर असता तिचे तोंडास पाने पुसली. गुंडोबा बोलावयास गेले तो तयांस दटावून चुलीकडे पाठविले. उपाशीपोटी कोठीत फुकट राबावे हे तिचेने होईना, ती पेठेत सूत कातण्यास गेली. परंतु माग बंद, तेव्हा सूत कोण घेणार?

मग दसरा आला. महाराज स्वतां कोठी पाहावयास स्वारी करून आले. पंगत मांडिली, रांगोळी काढिली, हैबतराव हाती पळी घेऊन उभे राहिले. पहिले पान रिकामे. ते बसले नाहीत, कारण घरून पुरणपोळी जेवून आले होते, आणि असल्या पंगतीस बसणे तयांचे मनातही आले नाही. लोक भिंतीशी उभे. हैबतरावांनी हाक दिली, "बसा रे, लाजता काय? फुकट आहे!" हा शब्द पडताच पेठेतले लोक माघारी फिरले. एक म्हातारी नातवास ओढून नेऊ लागली आणि पोर भाताकडे पाहून भोकाड पसरून रडू लागले. त्रिंबकपंतांस घाम फुटला. आणि त्याच गर्दीत, पदर ओढून, सगुणाबाई उभी होती. भुकेने आली होती, आणि कोणी ओळखू नये म्हणोन परत फिरणारांत तीही होती. तिने त्या पोराकडे पाहिले, आणि दोन्ही डोळे पुसले, आणि उलटी फिरली. जिथे कधी बसणार नाही म्हणाली होती तिथे जाऊन, पदरी उमेदवारी नाही, मान नाही, निव्वळ भुकेली बाई म्हणोन पहिले पानावर बसली. घास घेतला. भातास मीठ नव्हते. तिने मोठ्याने सांगितले, "गोड आहे, बसा."

म्हातारी बसली, पोर बसले, मग अवघी पेठ बसली. हैबतराव वाढीत आले, नजर पानावर, तोंडाकडे पाहिलेच नाही, जसे तिने शिकविले होते तसेच, आणि तिचे पानात वाढून पुढे गेले. गुंडोबांनी मात्र ओळखिले, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणोन चुलीकडे तोंड केले. महाराज इतकी पंगत पाहोन बहुत संतोष पावले आणि कोठीची वस्त्रे हैबतरावांस दिली, पुढे लौकरच सुभाही दिला. तयांमागून दुसरे सरदारपुत्र आले, तेही घरून जेवूनच येत. आणि सगुणाबाई रोज येऊन पहिले पानावर बसत असे, कारण ती न बसली तर कोणी बसत नसे.

तात्पर्य येवढेच. धर्मखात्याची बहुत कीर्ती जाहली आणि कोठीचे उमेदवार मोठमोठ्या पदांस चढले. सगुणाबाई वारली ते दिवशी पात्रे मांडली होती, भात तयार होता, आणि संध्याकाळपर्यंत कोणी बसले नाही. कोठीवाल्यांनी समजूत करून घेतली की राज्यात आता उपाशी कोणी उरले नाही, आणि कोठी बंद केली.