बदामाचा खुंट

एप्रिलच्या उन्हात, तेही बाभुळगावात, हमीदभाई रोपांच्या बुडाशी बर्फ ठेवायचे. आलुबुखाऱ्याला थंडी हवी असते म्हणून! गोळेवाला त्यांना येताना बघून लादी झाकून ठेवायचा.

धंदा मोटारी रिवाइंड करायचा, जीव मात्र कलमांत. कपाशीने मुलूख नासला, आता आलुबुखाऱ्याच्या बागा लावायच्या आणि त्यासाठी आपल्या काळ्या मातीत टिकेल असा खुंट शोधायचा, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप. माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मी मुलाची नोकरी सांगत होतो, तर हे म्हणाले, "वरचं सोडा, खुंट सांगा!"

पण ते दिवस हसायचे नव्हते. त्या वर्षी बोंडअळीने कपाशी खाल्ली आणि माझ्या धाकट्या भावाने, गजाननने, उभ्या पिकात नांगर घातला. मग भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. त्याच्या बायकोने फवारणीच्या औषधाचे डबे गुपचूप माझ्याकडे आणून ठेवले. आम्ही सगळेच धास्तावलो होतो.

एका सकाळी हमीदभाई दारात उभे. "गजाननभाऊ, मले एकट्याले होत नाई. कलमाले दोन टाइम पाणी पायजे."

आणि गजानन उठला! रोज जाऊ लागला. बोलूही लागला, खुंटाबद्दल का होईना.

एकदा मी बघायला गेलो आणि कपाळावर हात मारला. हमीदभाईंच्या जुन्या हिंदी पुस्तकात आलुबुखाऱ्याचा खुंट म्हणून 'बदाम' छापलं होतं. म्हणजे आपण सुकामेव्यात खातो तो, थंड मुलखातला. यांनी लावला होता आमच्या शाळेच्या अंगणातला, मोठ्या पानांचा देशी बदाम! दोघांचं नातं फक्त नावाचं. त्यांचा ट्रकवाला पुतण्या थंड मुलखातून ओल्या पोत्यात आलुबुखाऱ्याच्या काड्या आणायचा, हे बांधायचे, पंधरा दिवसांत त्या वाळायच्या.

मी विज्ञान शिकवतो. मला संताप आला. माझ्या भावाला पुन्हा खोट्या आशेला लावलं होतं. गजानन पाणी आणायला गेल्यावर मी हमीदभाईंना तोंडावर सांगितलं.

ते गोणपाट भिजवत राहिले. "मालूम हाये, मास्तर. पह्यल्याच वर्सी समजलं."

"मग हे कायले करून राह्यले?"

"म्या तं बंदच केलतं. गजाननभाऊ पडला, मंग पुन्हा चालू केलं. कलम वाळलं का तो म्हणते, 'चाचा, उद्या दुसरं बांधू.' तो 'उद्या' म्हणते, मास्तर. मले अजून काय पायजे?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मोठा भाऊ मी, आणि मी फक्त डबे लपवले होते.

संध्याकाळी जेवताना गजानन म्हणाला, "दादा, तुह्या शाळेतल्या बदामाच्या बिया भेटतीन का? खुंट कमी पडून राह्यले."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, सगळी शाळा बघत असताना, विज्ञानाच्या मास्तराने वाकून वाकून पिशवीभर बदाम वेचले आणि स्वतः नेऊन भावाच्या हातात दिले.