बंगल्यावरचा भात

सन १९८२ च्या मार्च महिन्यात एका सरकारी खात्याच्या असं लक्षात आलं, की दौऱ्यावर गेलेले आपले अधिकारी तपासणीला वीस मिनिटं आणि जेवणाला तीन तास देतात. खात्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची खाती उगाच नाराज होतील. खात्यानं तातडीनं परिपत्रक काढलं. यापुढे प्रवासी बंगल्यांवर अधिकाऱ्यांना फक्त भात, सार आणि ताक मिळेल. सामिष पदार्थ शिजवल्यास खानसाम्यावर कारवाई होईल. खाणाऱ्यावर काय होईल, याबाबत परिपत्रक गप्प होतं.

निपाणीच्या अलीकडं हमरस्त्याला लागून या खात्याचा दोन खोल्यांचा बंगला होता. तिथं सिद्राम अकरा वर्षं रोजंदारीवर खानसामा होता. अकरा वर्षांत त्याच्या मनात एकच इच्छा शिल्लक राहिली होती: कायम व्हायचं. पहारेकरी मष्णूनं त्याला ते परिपत्रक कानडीतून मराठीत करून सांगितलं आणि सोबत आलेलं खोकं उघडलं. आत विजेवर चालणारा भाताचा कुकर होता. झाकणावर पांढऱ्या रंगानं कानडीत लिहिलं होतं: 'फक्त भातासाठी'.

"म्हंजे आता कोंबडी बंद?" सिद्रामनं विचारलं.

"कागदावर बंद," मष्णू म्हणाला. "पोटांना अजून कळवल्यालं न्हाय."

आठवड्याभरात नाईक साहेब आले. परिपत्रकाचा मसुदा त्यांनीच केला होता, त्यामुळं त्याची अंमलबजावणी जातीनं बघणं त्यांना भाग होतं. जीपच्या मागच्या सीटखाली पाय बांधलेली एक कोंबडी होती. ती कुठून आली, हे कुणी विचारलं नाही.

"सिद्राम, एक वाजला. पावणेदोनला मला चिकोडीला निघायचंय. आणि चूल पेटवू नकोस, धूर रस्त्यावरनं दिसतो."

"मग शिजवू कशात, साहेब?"

साहेबांनी ओट्याकडं बोट दाखवलं. "हा कुकर कशाचा?"

"भाताचा."

"मग त्यात जे शिजेल, त्याला काय म्हणायचं?"

सिद्रामला समोर कोंबडी दिसत होती आणि तिच्यामागं नेमणुकीचा कागद.

"भातच म्हणायचं, साहेब."

"तुझी फाईल माझ्याच टेबलावर आहे," साहेब मायेनं म्हणाले.

पिसं उपटत बसायला वेळ नव्हता. सिद्रामनं कोंबडीची पिसं कातडीसकट सोलली, लिंबाएवढे तुकडे केले, त्यांना दही, हळद, मीठ, आलं-लसूण आणि घरची लाल चटणी चोळली. तळाला तेल आणि चिरलेला कांदा, वर कोंबडी, अर्धी वाटी पाणी, झाकण, आणि बटण खाली. पंधरा मिनिटांत बटण टक्कन वर आलं. आतलं पाणी आटलं की भात झाला, एवढंच त्या यंत्राला शिकवलेलं होतं. सिद्रामनं दोन पळ्या गरम पाणी ओतून बटण पुन्हा दाबलं. दुसऱ्यांदा टक्क झालं तेव्हा मांस हाडापासून सुटत होतं. अकरा वर्षं त्यानं चुलीपुढं फुंकणी फुंकली होती, पण अर्ध्या तासात अशी मऊ कोंबडी त्याला कधी साधली नव्हती. वाढताना त्याला मनापासून अभिमान वाटला आणि तो कुणाला सांगता येत नाही याचं वाईटही वाटलं.

जाताना साहेबांनी अभिप्राय वहीत लिहिलं: 'भात उत्कृष्ट. हाडापर्यंत शिजला होता.'

त्यानंतर खात्यातल्या दौऱ्यांना नवा जोम आला. खानापूरला निघालेले अधिकारी वाट वाकडी करून निपाणीवरून जाऊ लागले. सहा महिन्यांत वहीत बत्तीस अभिप्राय झाले, बत्तीसही भातावर. जेवणघरात हळूहळू नवी भाषा रुळली. कुणी म्हणे, "मला भाताची तंगडी ठेव." कुणी म्हणे, "मागच्या वेळी भात जरा वातड होता, म्हातारा असेल." आता तांदळाच्या खऱ्या भाताला काय म्हणायचं, असा प्रश्न आला, तेव्हा त्याला 'पांढरं' म्हणायचं ठरलं. "भात भरपूर झाला, सिद्राम. थोडं पांढरं वाढ."

बत्तीस अभिप्राय वाचून वरचं कार्यालय भारावलं. काटकसर एवढी चविष्ट असू शकते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी भाताची कृती मागवली. सिद्रामनं सांगितली, नाईक साहेबांच्या कारकुनानं ती योग्य शब्दांत बसवली आणि सगळ्या बंगल्यांना पाठवली: 'तांदूळ कातडीसह सोलून घ्यावा. लिंबाएवढे तुकडे करावेत. मान वेगळी ठेवावी.' एकाही खानसाम्यानं शंका विचारली नाही. सगळ्यांनी पोच दिली.

मग वरून पत्र आलं, की अशा खानसाम्यास कायम करण्यात हरकत नसावी. मात्र एका अधिकाऱ्यानं समक्ष भात खाऊन तसा दाखला द्यावा. या कामी वर्धमान चौगुले यांची नेमणूक झाली. चौगुले साहेब सदलग्याकडचे जैन, नोकरीत नवे, कांदा-लसूणही न खाणारे.

सिद्राम हादरला. त्यानं मष्णूला सायकलवरून नाईक साहेबांकडं पिटाळलं. मष्णू दोन शब्दांचा निरोप घेऊन आला: "भात वाढ."

"कंचा भात?" सिद्रामनं विचारलं.

"ते म्या बी इचारलं. साहेब म्हणालं, एवढं कळत नसंल तर कायम कशाला व्हायचं?"

घरी नागुबाई, त्याची बायको, चुलीपुढं बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या माणसाला ठावं न्हाय," ती म्हणाली. "त्येचा धरम बुडवून तुमी कायम हुणार? मग मला नगं तुमचं कायम."

"आगं, साधा भात दिला तर म्हणंल, हेच काय ते लई नावाजल्यालं? आन दाखला बोंबलंल."

"बोंबलू द्या."

दुसऱ्या दिवशी सिद्रामनं नवं पातेलं आणलं, हात तीनदा धुतले आणि चुलीवर साधा भात शिजवला. चौगुले साहेब पाटावर बसले. त्यांनी आधी चुलीकडं बघितलं, मग ओट्यावरच्या कुकरकडं.

"सिद्रामण्णा, कुकर असताना चुलीवर का?"

हो-नाही करून निभावता आलं असतं. पण समोरचा माणूस आपल्याला अण्णा म्हणतोय आणि त्याचा हात ताटात आहे, हे बघून त्याला खोटं सुचेना.

"साहेब, त्यात भात शिजत न्हाय. त्यात कोंबडी शिजती. तुमचं पातेलं कोरं हाय, शपथ."

चौगुले साहेबांनी ताटातला सगळा भात संपवला, हात धुतले, सिद्रामला नमस्कार केला आणि वहीत लिहिलं: 'भात साधा, स्वच्छ व उत्तम. भाताच्या कुकरमध्ये मात्र कोंबडी शिजवली जाते.'

चौकशी लागली. चौकशी समितीचे प्रमुख म्हणून नाईक साहेबांना नेमलं, कारण या बंगल्याचा अनुभव त्यांना सर्वांत जास्त होता. त्यांनी मुद्देसूद काम केलं. बत्तीस जण म्हणतात भात, एक जण म्हणतो कोंबडी. त्या एकानं कुकरमधलं खाल्लेलंच नाही. शिवाय त्यानं जन्मात कोंबडी चाखलेली नाही. मग ती कोंबडी होती हे तो कशाच्या आधारावर सांगतो?

"सिद्राम, शेवटचं विचारतो," साहेब म्हणाले. "या कुकरमध्ये काय शिजतं?"

सिद्रामला काय सांगायचं ते माहीत होतं. भात म्हटलं की कायम. त्यानं तोंड उघडलं, आणि भलताच शब्द बाहेर आला.

"कोंबडी, साहेब."

तेवढ्यात एक वाजला. समितीनं पुरावा प्रत्यक्ष तपासायचं ठरवलं. पुरावा जीपमध्ये होताच. अर्ध्या तासात तो शिजला, समितीनं तो दोनदा मागून तपासला आणि निष्कर्षावर सह्या केल्या: पदार्थ भातच आहे. चौगुले साहेबांची बदली बिदरला झाली. सिद्रामला कामावरून काढलं. आरोप दोन: भाताचा कुकर असताना भात चुलीवर शिजवणे, आणि भाताची बदनामी करणे.

दिवाळीनंतर सिद्रामनं निपाणीच्या स्टँडमागं चार बाकांची खानावळ काढली आणि बाहेर पाटी लावली: 'कोंबडी-भाकरी मिळेल'. महिनाभर एकही ओळखीची जीप थांबली नाही. साहेब लोक लांबूनच वास घेऊन पुढं जात. कोंबडी लिहिलेल्या पाटीखाली सरकारी गाडी उभी करायची कशी?

"त्ये कोंबडी पुसा आन भात लिवा," नागुबाई म्हणाली.

"आन ते खोटं न्हाय?"

"ज्यास्नी ठावं न्हाय, त्यास्नी फसवायचं न्हाय. ठावं असून जे भात म्हणत्यात, त्यास्नी भात म्हणूनच घाला."

पाटी बदलली. दुसऱ्या दिवशी दारात तीन जीपा होत्या. सिद्राम भल्या माणसासारखा दारात उभा राहून नव्या गिऱ्हाइकाला आधीच कानात सांगे, "पाव्हनं, आत कोंबडी हाय बरं का." नवं गिऱ्हाईक इकडंतिकडं बघे आणि आत शिरे.

पुढच्या वर्षी श्रावण लागला. सिद्रामला वाटलं, आता महिनाभर टाळं लावायला हरकत नाही. पण पहिल्याच सोमवारी बाक पुरेनात. जीप एकही नव्हती. सायकली होत्या, स्कूटरी होत्या, साधी घरंदारं असलेली, सरकारी कारभाराला रोज नावं ठेवणारी माणसं होती. प्रत्येक जण आत येऊन हळूच विचारत होता, "भात हाय न्हवं?"

मीही गेलो होतो. तुम्ही कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडं तोंड करून बसला होता, म्हणून हाक मारली नाही.