लहान ओळ वर

बिश्केकमधल्या आमच्या संगणक केंद्रात कामाला असलेल्या बेर्मेतने पुस्तिकेच्या नवव्या पानावरची एक जादा मोकळी जागा खोडली. परवानगी न घेता खोडली, म्हणून मांडणी शुद्धीकरण उपसमिती नेमावी लागली. मी त्या उपसमितीचा सचिव.

पुस्तिका होती कुरणांच्या नोंदवहीची. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करून चालवायचं ते सॉफ्टवेअर. उन्हाळ्यात कोणत्या मेंढपाळाने कोणत्या कुरणावर कळप न्यायचा, हे सगळं त्यात. बेर्मेतच्या मामांचा, सागिनबेकांचा, सोन-कोल तळ्याकाठचा हक्कही त्यातच होता. या नोंदी नव्या यंत्रावर हलवायच्या होत्या आणि त्याची कृती नेमकी नवव्या पानावर होती.

अध्यक्ष तुरातबेक यांच्या घरी भिंतीवर शिर्दाक आहे. नमद्याचा हा गालिचा दोन्ही बाजूंनी इतका सारखा, की बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड वाकडं वाटायला लागतं. पहिल्या बैठकीत तळलेल्या बोर्सोकची बशी रिकामी व्हायच्या आत त्यांनी धोरण ठरवलं: आज्ञा लांबीनुसार लावायच्या. लहान ओळ वर, मोठी खाली.

"बायके," बेर्मेत म्हणाली. आमच्याकडे वडीलधाऱ्याशी भांडायचं असलं तरी सुरुवात अशीच करावी लागते. "आधी नक्कल करायची, मग ती तपासायची, शेवटी जुनं पुसायचं. पुसायची आज्ञा सगळ्यात लहान आहे. ती वर गेली तर मागे राहील काय?"

"राहील ना! ओळींचा जिना बघ कसा झोकात दिसतोय," तुरातबेक म्हणाले. "आणि अर्थाचा विषय आपल्याकडे नाही गं पोरी. त्याची समिती वेगळी."

"ती कुठे बसते?"

"ती अजून नेमायची आहे."

बेर्मेतने लेखी हरकत दिली. समास अर्धं बोट कमी भरला म्हणून मी ती परत केली. दुसऱ्या खेपेला समास चोख होता, पण उजवी कड खालीवर झाली होती. तिसऱ्या खेपेला हरकत इतकी देखणी उतरली, की आम्ही ती काचेत मढवून भिंतीवर लावली. वाचायची तेवढी राहिली.

नारिन गावच्या कचेरीतल्या तंत्रज्ञाने नववं पान वरून खाली जसंच्या तसं पडद्यावर चिकटवलं. पहिल्या ओळीने नोंदवही पुसली. दुसरीने तपासणी करून एकही चूक नसल्याचं कळवलं. तिसरीने कोऱ्या नोंदवहीची हुबेहूब नक्कल केली.

चौकशी झाली. नवव्या पानाला सुबकतेचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि मेंढपाळांसाठी हक्क पुन्हा नोंदवायचा नवा अर्ज निघाला. त्याची सजावट माझ्याकडे आली. मी चारी बाजूंनी शिंगांची वेलबुट्टी काढली.

मे महिन्यात सागिनबेक केंद्राच्या अर्जखिडकीशी आले. कळप बाहेर रस्ता अडवून उभा होता. बेर्मेत धापा टाकत पोचली.

"मामा, थांबा! आधी वाचा तरी!"

"अगं, किती सुरेख छापलंय! यात काय वाईट असणार?" म्हणत त्यांनी झोकदार सही ठोकली.

पहिल्या ओळीत लिहिलं होतं: कुरणावर माझा हक्क नाही, हे मला मान्य आहे.

बेर्मेत तिथेच रडायला लागली. मलाही वाईट वाटलं, पण अर्ज मी तरी कुठे वाचला होता?

तुम्ही हसताय, हसा. परवा तुमच्या फोनवर तुम्ही 'मान्य आहे' दाबलंत ना? पहिल्या ओळीत काय होतं, तेवढं सांगा.