पुरणयंत्राची मुदत

आरतीत खांबेटे टाळ भलतीकडेच वाजवत होते, म्हणून मी त्यांना चारचौघांत "चक्रम" म्हणालो. माणूस चिडला नाही. खिशातून डायरी काढून तारीख लिहिली आणि शांतपणे म्हणाला, "अपमान. जर्मनीत तक्रारीला तीन महिने. तोवर तुम्ही टांगणीला."

बरोबर तीन महिन्यांनी सकाळी शिऱ्याची वाटी घेऊन दारात हजर! "सुटलात हो जोशी! मुदत संपली!"

हॅनोव्हरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणारे हे निवृत्त इंजिनिअर. वकिलीशी संबंध शून्य. एकदा घरमालकाशी भांडताना त्यांना 'फेअरयेरुंग' हा शब्द भेटला, म्हणजे दाव्याची मुदत टळणं, आणि निवृत्तीचा प्रश्न सुटला. साधा दावा? तीन वर्षं, तीही वर्षअखेरीपासून. इमारतीच्या बांधकामातला दोष? पाच. खून? "कधीच टळत नाही. जपून राहा." भारतातली भांडणं ते भारतीय मुदतीने मिटवत, इथली जर्मन. एका भांडणाला विमानात तोंड फुटलं होतं, त्याने मात्र त्यांना आठवडाभर जेवण गेलं नाही.

गेल्या डिसेंबरात ते बर्फावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये. मला वर बोलावून एक पाकीट हातात दिलं. "रजिस्टर्डने. पोचपावतीसकट. आजच!"

पाकीट उघडंच होतं. मी वाचलं. नसतं वाचलं तर मी मी कसला?

'ताई, तुझं पुरणयंत्र माझ्याकडे आहे. ते तुझंच आहे, हे मला मान्य आहे. दिगंबर.'

"हे काय हो?"

"मी इकडे आलो तेव्हा तिला न विचारता बॅगेत घातलं. त्या होळीला तिच्याकडे सासरची वीस माणसं, आणि यंत्र गायब! तेव्हापासून बोलत नाही."

"मग पार्सल करा की!"

"अहो, वस्तू परत मागायला जर्मनीत तीस वर्षं, भारतात तीनच. यंत्र इथे, ताई मिरजेला. कुठला कायदा लागेल, देव जाणे. पण मुदतीच्या आत लेखी कबुली दिली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दरवर्षी देतो."

"स्वतःविरुद्ध?"

"गेनाऊ, अगदी बरोबर." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "यंत्र परत दिलं की तिचं माझ्याकडे मागणं काय उरलं? मग पत्र कशावर लिहू?"

मी पोस्टात गेलो. रांगेत एकदाही विनोद सुचला नाही.

फेब्रुवारीत मिरजेहून पोचपावती आली. खांबेट्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. आत तशाच पावत्यांचा गठ्ठा, प्रत्येकीवर ताईंची सही. "उत्तर देत नाही, पण पत्र परतही पाठवत नाही," ते अभिमानाने म्हणाले, आणि नवी पावती जुनीशेजारी ठेवली.

जुनी सही ठसठशीत, पल्लेदार. नवी थरथरत ओळीखाली घसरलेली.

ते दोन्ही पावत्या उजेडात धरून पाहू लागले. मग लंगडत स्वयंपाकघरात गेले, पुरणयंत्र खाली काढलं आणि बाहीने पुसायला लागले. जगातल्या साऱ्या मुदती पाठ असलेल्या त्या माणसाने मला विचारलं,

"जोशी, यंदा होळी कधी आहे हो?"