अंथरुणाला खिळलेला गणपत

गोळ्या ठेवायचा बिस्किटांचा डबा रिकामा झाला तेव्हा गणपतच्या लक्षात आलं, की आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठून येतात हे आपल्याला माहीतच नाही.

बायको, तुळसा, होती तोवर गोळी रोज सकाळी चहाच्या बशीत असायची. ती वारली तेव्हा डबा भरलेला होता. गणपत चहा करायला शिकला. गोळी आधी बशीत ठेवायचा आणि मग उचलून घ्यायचा, म्हणजे तेवढी तरी सवय मोडायला नको. डबा कधी संपेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. 'सिस्टरकडे जाऊन येतंय' म्हणून तुळसा पिशवी घेऊन बाहेर पडायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. कुठली सिस्टर, कुठे बसते, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, चल माझ्याबरोबर. आणि तिथे सुया असतात. गणपत माडावर चढायचा, छातीभर लाटांत उभा राहून रापणीचं जाळं ओढायचा, पण सुई दिसली की त्याचे पाय गार पडायचे. हे फक्त तुळसाला माहीत होतं.

तो आधी शाळेमागच्या घराकडे गेला. त्याच्या आठवणीतलं आरोग्य उपकेंद्र तिथेच होतं. तिथे आता जाळी रचून ठेवली होती. समोरच्या दुकानात दत्तारामला विचारलं तेव्हा त्याने वजन करता करता हात थांबवला.

"उपकेंद्र साकवापलीकडे जावन किती वर्सां झाली. तुळसावयनी दर महिन्याक हयसूनच जायची. आणि तुका म्हायत नाय?"

गणपत साकवाकडे निघाला. लहानसा लाकडी पूल, तो ओलांडला की शंभर पावलांवर नवी इमारत. एवढी जवळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

बाकावर शेजारच्या वाडीतल्या चार बायका बसल्या होत्या. प्राजक्ता सिस्टर वयाने त्याच्या मुलीएवढी. तिने नाव विचारलं, वाडी विचारली, आणि मान वर केली.

"गणपत म्हणजे तुळसाकाकींचे मिस्टर? ते तर अंथरुणाला खिळलेले आहेत."

गणपतला काही कळेना. मग सिस्टरनेच सांगितलं. पेशंट आल्याशिवाय इथे गोळ्या देत नाहीत. ज्यांना उठताच येत नाही त्यांच्याच घरच्यांच्या हाती देतात, तशा काकी नेत होत्या. काकींचं कळलं, फार वाईट वाटलं, असंही ती म्हणाली. "तुम्ही त्यांचे कोण?"

तो मीच, एवढं म्हटलं की काम होत होतं. पण चार बायका कान देऊन बसल्या होत्या. तो मीच म्हणायचं, म्हणजे तुळसा दर महिन्याला याच खोलीत येऊन खोटं बोलत होती असं म्हणायचं. ती असती तर तिने चौघींना पुरून उरेल असं उत्तर दिलं असतं. आता तिला कोण विचारायला जाणार?

"मी तेचो भाव," गणपत म्हणाला. "विजयदुर्गाक आसतंय."

सिस्टरने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, पेशंटला बरेच दिवस तपासलेलं नाही. थोड्याच वेळात वाडीत फेरी आहेच, घरी येऊन बघते आणि गोळ्या तिथेच देते.

साकव दिसेनासा होईपर्यंत गणपत चालला. मग त्याने लुंगी वर खोचली आणि धावत सुटला.

घरी पडवीत शेजारचा गुरुदास त्याला रापणीला बोलवायला येऊन बसला होता. गणपतने धापा टाकत अर्धमुर्धं सांगितलं. अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला आणि खाटेवर आडवा झाला. गुरुदासला हे फार आवडलं. तरुणपणी एकदा दशावताराच्या नाटकात आयत्या वेळी राक्षस आजारी पडला होता, तेव्हा गुरुदास उभा राहिला होता. त्यानंतर त्याला कोणी काम दिलं नव्हतं.

"तू नुसतो पडान रव," तो म्हणाला. "बाकीचा मी बगतंय."

त्याने भर उन्हाळ्यात गणपतवर दोन गोधड्या घातल्या. कपाळावर ओलं फडकं ठेवलं. उशाशी तांब्या, खाटेखाली घमेलं, आणि सिस्टर अंगणात आली तशी स्वतःच्या डोळ्यांना टॉवेल.

"दोन वर्सां झाली, सिस्टर," तो म्हणाला. "जमनीक पाय लागाक नाय."

गणपतचे पाय गोधडीबाहेर आले होते. तळव्यांना वाटेवरची तांबडी माती लागलेली होती. सिस्टरने ते पाय बघितले आणि विचारलं, भाऊ कुठे गेले?

"कोण भाव?" गुरुदास म्हणाला. भावाची गोष्ट गडबडीत त्याला सांगायची राहिली होती. मग गोधडीतून एक कोपर त्याच्या गुडघ्याला लागलं. "तो काय? तो गेलो. एसटीन."

भावाचा शर्ट खुंटीवर होता आणि त्यातून घाम ठिबकत होता. सिस्टरने गणपतच्या दंडाला पट्टा बांधला, पंप दाबला, आकडा बघितला. परत दाबला, परत बघितला. तिचा चेहरा बदलला.

रक्तदाब फार वाढलाय, ती म्हणाली. एकशे आठची गाडी बोलवावी लागेल. ग्रामीण रुग्णालयात दाखल करायचं, सलाईन लावायचं, इंजेक्शनं द्यायची. तिने पिशवीतून फोन काढला.

"न्या तेका, सिस्टर," गुरुदास टॉवेलाआडून म्हणाला. "आमच्यान बगवत नाय."

गणपत उठून बसला. दोन्ही गोधड्या खाली पडल्या, फडकं घमेल्यात पडलं.

"सिस्टर, मी साकवापासून धावत इलंय. म्हणान वाढला आसतला. भाव-बीव कोण नाय. मीच तो. पण तिका नाव ठेवू नकात. मी येय नाय, म्हणान तिका तसा सांगूचा लागला. खोटा माझा."

सिस्टरने फोन पिशवीत ठेवला. आतापर्यंत ती शुद्ध बोलत होती. पण ती मूळची इथलीच, बांद्याची होती.

"काका, आधी पाच मिन्टां गप बसा," ती म्हणाली. "नंबर मी लावकच नाय."

मग तिने सांगितलं. ती नवीन होती तेव्हा या अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बघायला याच घरी आली होती. तुळसाने तिला पडवीत बसवलं, कोकम सरबत दिलं आणि माडाच्या शेंड्याकडे बोट केलं. तो बगा माझो खिळलेलो, म्हणाली. वरून गणपतने विचारलं होतं, कोण गो ती? बचत गटाची बाई, असं तुळसाने खालून सांगितलं. त्यावर गणपतने पाहुणीसाठी एक शहाळं दोरीने खाली सोडलं होतं.

"तां शहाळा मी अजून विसरूक नाय," सिस्टर म्हणाली. "भाव म्हणे. विजयदुर्गाचो."

गणपत खाली मान घालून बसला. त्याला तो दिवस आठवला. सरबताच्या पेल्यावर झाकण ठेवायची तुळसाची सवयही आठवली. सिस्टरने पुन्हा पट्टा बांधला. आकडा खाली आला होता, काळजी करण्यासारखा नव्हता. तिने गोळ्या उशाशी ठेवल्या आणि गणपतने कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

गुरुदासला हसू आवरेना. बायकोने जिवंत माणसाला खाटेवर घातलं आणि याला पत्ता नाही, असं म्हणून तो मांडीवर थापा मारू लागला.

"तुमी गुरुदासकाका ना?" सिस्टरने विचारलं. "मथुराकाकींचे घोव?"

"व्हय."

"मगे तुमी उभे कशे? तुमकाय उठूक येणा नाय म्हणान त्या गोळ्यो नेतत."

गुरुदास खाटेच्या कडेवर बसला. त्याने विचारलं, "म्हणजे ती गोळी पित्ताची नाय?"

सिस्टर म्हणाली, या खालच्या वाडीतले सात पुरुष अंथरुणाला खिळलेले आहेत. सातही जण समुद्रावर रापण ओढताना दिसतात. युक्ती तुळसाकाकींची, बाकीच्यांनी बचत गटात शिकून घेतली. कोणाला सांगणार नाही, हा काकींना दिलेला शब्द तिने पाळला. आता पुढच्या मंगळवारपासून ज्याची गोळी त्याने आपल्या पायांनी यायचं.

जाता जाता ती पायरीवर थांबली. "काकी सांगायची, तो एक दिवस आपणहून येतलो. त्या दिवशी तेका ओरडू नको. फक्त तेचा रगात तपास."

मंगळवारी दत्तारामने दुकानातून बघितलं तर सात माणसं एकामागून एक साकवाकडे चालली होती. पुढे गणपत होता, हातात बिस्किटांचा डबा. एवढी वरात खंय चलली, असं दत्तारामने विचारलं. सातही जणांनी पावलं उचलली.

उपकेंद्रात सिस्टरने सुई काढली आणि पहिला कोण म्हणून विचारलं. आतापर्यंत गणपतला वाटायचं, वाडीत सुईला भिणारा आपण एकटाच. पण गुरुदास खिडकीतून खाडी बघू लागला, बाकीचे पाच गुरुदासकडे बघू लागले.

गणपतने बोट पुढे केलं. "मी. पण माका डोळे मिटूक व्हये."

"मिटा," सिस्टर म्हणाली. "म्हायत आसा माका. काकी सांगान गेली."