दोन बोटं वारा

कोणाच्याही घरात शिरलं की काळूराम मिस्त्री थेट स्वयंपाकघरात जात आणि चुलीमागच्या भिंतीवर उजवा तळहात टेकवत. मग मोठ्याने दहापर्यंत मोजत. हात दहापर्यंत टिकला, तर बाहेर येऊन बसत आणि पाणी मागत. मधेच काढावा लागला, तर पाणी न घेता पत्रा आणायला निघत. घरमालकाशी ओळख असण्याची त्यांना गरज वाटत नसे.

हात ठेवायला चूल पेटलेली हवी. त्यामुळे मिस्त्री नेमके जेवणाच्या वेळी येतात, असं लोक म्हणत. ते जेवत मात्र कुठेच नसत.

ते आमच्याच आळीत राहत. मुरबाडच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी ट्रक आणि जीपच्या पत्र्याचं काम करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमातीने सारवायचं, त्याला कूड म्हणतात. पावसाळ्यात झड आत येते म्हणून चूल सरकत सरकत कुडाला जाऊन चिकटते. मिस्त्रींचा उपाय साधा होता. चूल आणि कूड यांच्यामध्ये पत्रा उभा करायचा, पण कुडापासून दोन बोटं सोडून. त्यासाठी पत्रा आणि कूड यांच्यामध्ये जुन्या पाइपाचे तेवढ्याच लांबीचे तुकडे घालून खिळे मारायचे. पत्रा खाली आणि वर मोकळा ठेवायचा, म्हणजे गार हवा खालून शिरते आणि तापलेली वरून निघून जाते.

"ट्रकच्या सायलेन्सरवर आस्संच असतं," ते सांगत. "पत्रा आडवतो, वारा वाचवतो. दोन बोटं वारा पायजेच."

पत्र्याला कोणाचीच हरकत नसे. भांडण त्या दोन बोटांवर होई. पावसाळ्यात घरात तेवढी एकच जागा कोरडी आणि ऊबदार असते, हे आठवड्याभरात प्रत्येक बाईच्या लक्षात येई. मग त्या फटीत काडेपेटी जाई, पोरांच्या वह्या जात, ओली टोपी जाई. मिस्त्री दर पंधरा दिवसांनी येऊन सगळं बाहेर काढत. धसई गावच्या भागीरथीआजींच्या फटीतून त्यांनी एकदा रेशनकार्ड आणि चार सुके बोंबील काढले. दोन्हींना एकच वास येत होता.

"आजी, ही जागा वाऱ्याची हाय."

"वारा काय भाडं देतो काय रे?"

"देतो. घर ठेवतो."

"मंग माझे बोंबील कुठं ठेवू? तुज्या डोक्यावर?"

"ठेवा. डोकं पेटत नाय."

एकदा ते पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. सगळे ओटीवर पोहे खात बसले होते. मिस्त्री दिसेनात. स्वयंपाकघरातून आकडे ऐकू यायला लागले. मुलीचा मामा आत गेला आणि म्हणाला, "पाव्हणं, मुलगी भायेर हाय. तुमी भिंत काय बगता?" मिस्त्रींनी सातवर हात काढला होता. ते बाहेर आले आणि म्हणाले, "मुलगी चांगली हाय. भिंत वायट हाय." लग्न ठरलं. तोवर पत्राही बसला होता.

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या घराला आग लागल्यानंतर.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. भातकापणीचे दिवस, भर दुपार. घरात फक्त मिस्त्रींची बायको होती. ती तापाने अंथरुणाला होती. सून वनिता सकाळचा स्वयंपाक उरकून भाकऱ्या घेऊन शेतावर गेली होती. चुलीमागच्या कुडातून जाळ माळ्यावरच्या पेंढ्यात गेला. लोक शेतातून धावत येईपर्यंत छप्पर खाली आलं होतं. बायको गेली.

मी तेव्हा एका साप्ताहिकासाठी तालुक्याच्या बातम्या देत असे. घटनास्थळी गेलो, गर्दीत जे ऐकलं ते पाच ओळींत लिहिलं. सुनेने चूल न विझवल्याने ठिणगी उडून घर खाक, वृद्धेचा मृत्यू. कोण म्हणालं हे वहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

अंक आमच्या गावात सात यायचे. सातही वाचले गेले. वनिताने सांगून पाहिलं की लाकडं ओढून पाणी ओतलं होतं. छापलेल्यापुढे तिचं कोणी ऐकलं नाही. महिन्याभराने नवऱ्याने तिला शहापूरकडे माहेरी पोचवलं आणि परत आणलं नाही.

त्यानंतर मिस्त्री माझ्याकडे आले. हातात वाकडा झालेला पत्रा होता.

"ठिणगी नव्हती," ते म्हणाले. "चला, दाखवतो."

कुडाचा एक कोपरा उभा राहिला होता. त्यात इतरत्र कारवी वरून जळलेली आणि आत कच्ची होती. चुलीमागे हा पत्रा होता त्या जागी ती गाभ्यापर्यंत कोळसा झाली होती. चुलीतली राख कडक गोळा होऊन बसली होती, पाणी पडून वाळल्यावर बसते तशी. लाकडं ओढून बाजूला केलेली होती. ऊब लागून शेणाचा गिलावा सारखा गळतो म्हणून मिस्त्रींनी वर्षापूर्वी तिथे पत्रा मारला होता. कुडाला सपाट चिकटवून, सहा खिळ्यांनी. तापलेला पत्रा वर्षभर कारवी भाजत राहिला होता. त्या दिवशी तिने आतून धग धरली आणि चूल विझल्यावरही ती धुमसत राहिली. पत्र्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

"गॅरेजमध्ये जल्मभर अंतर ठेवलं. घरी नाय ठेवलं," मिस्त्री म्हणाले. "तुमी लिवलं तिनं केलं. आता लिवा, मी केलं."

मी दुरुस्ती लिहून दिली. संपादक म्हणाले, चुलीची दुरुस्ती छापायची म्हटली तर अंक पुरायचा नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मिस्त्री पुढचे चार अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत होते. पाचवा त्यांनी घेतला नाही. त्याच आठवड्यात ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरले.

पुढची चार वर्षं गाव त्यांना भिंतीचा डॉक्टर म्हणत होतं. मीही हसत होतो. मग भागीरथीआजींनी मला विचारलं, "तो पत्रा ठोकून झाल्यावर काय बोलतो, आयकलास कधी?"

मी ऐकलं नव्हतं. पुढच्या वेळी मुद्दाम थांबलो. शेवटचा खिळा मारून मिस्त्री घरातल्या बाईला म्हणाले, "आमच्या सुनेनं चूल इझवली होती. पत्रा मी ठोकला होता. चिकटून." मग पाणी प्यायले आणि निघाले. प्रत्येक घरात हेच चालू होतं.

त्या डिसेंबरात ते मला म्हणाले, "तिकडं जायाचं हाय. तुमी चला. तुमी लिवलंय." मुरबाडहून जीप, मग बस, मग शहापूरच्या पुढे पायी. काखेत गुंडाळलेला पत्रा होता.

वनिताची आई दारात उभी होती. या म्हणाली नाही. आत चूल पेटलेली होती, भाकरीचा वास येत होता. मिस्त्री अंगणात पायरीच्या खालीच थांबले. कोणाच्याही दाराबाहेर ते थांबलेले मी पाहिले नव्हते.

वनिता पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मी सांगितलं, "ठिणगीचं मी लिहिलं होतं. ते चूक होतं."

"मला म्हायती हाय," ती म्हणाली. "पाणी मीच वतलं होतं."

ती मिस्त्रींकडे वळली.

"बाजारात धसईच्या बायका भेटतात. तुमी घरोघर काय सांगता त्ये कळतं, मामा. पण अर्धंच सांगता."

मिस्त्रींनी काखेतला पत्रा पायरीला टेकवून ठेवला.

"तुमी पाइपाचे तुकडे आणले होते. मी तिथंच बसलेली. सासूबाय बोलल्या, फट नको, मागं झुरळं होतात, चिकटून मारा. त्ये का नाय सांगत?"

"तिचं कशाला," मिस्त्री म्हणाले.

आई दारातून बाजूला झाली. वनिता म्हणाली, "भाकरी करपंल. भिंत बगायची नाय काय?"

आत कुडापुढे पत्रा आधीच उभा होता. अंतर सोडलेलं होतं, वरखाली मोकळं, मागे काही कोंबलेलं नव्हतं. मिस्त्रींनी फटीत बोटं घातली. दोन नेमकी मावली. वनिताची बोटं बारीक, म्हणून तिने तीन धरली असतील. त्यांनी पत्र्याच्या मागून हात घालून तळवा कुडावर टेकवला आणि मोजायला लागले. सहानंतर त्यांचा आवाज ऐकू येईना.

वनिताने भाकरी उलटली. थोड्या वेळाने म्हणाली, "धा झालं, मामा."

मिस्त्रींनी हात काढला नाही.